एफ-वन दाबा आणि पुढे चला

आमच्या डोंबिवलीच्या घरात गेली अठरा वर्षे दोन वृद्ध एकमेकांच्या आधाराने जगत आहेत, आणि हे मी माझ्याविषयी व सौभाग्यवतींविषयी म्हणत नाही. त्यांतला एक म्हणजे २००७ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला संगणक आणि दुसरा त्याच वर्षी घेतलेला काळा-पांढरा लेझर प्रिंटर. संगणकाला या जगात प्रिंटर चालवण्यापलीकडे काही काम उरलेले नाही आणि प्रिंटर दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. त्याला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम फक्त ३२ बिटांच्या विंडोजसाठी निघाला. पुढे ६४ बिटांचे दिवस आले, तेव्हा तो बनवणाऱ्यांनी या मॉडेलच्या नावाने अंघोळ करून टाकली. मुलीच्या लॅपटॉपला मी तो एकदा जोडून पाहिला होता. लग्नात जेवायला बसलेल्या, पण वरपक्ष आणि वधूपक्ष दोघांनाही न ओळखता येणाऱ्या गृहस्थाकडे पाहावे, तसे लॅपटॉपने त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

“बाबा, चौकात झेरॉक्सवाला पाच रुपयांत प्रिंट देतो,” असे मुलगी दर दोन महिन्यांनी सांगते. तिचे खरे आहे. पण तिला आमच्या सोसायटीचे दप्तर ठाऊक नाही. मी २००९ पासून सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलेले नव्हते, मी त्या सभेला वीस मिनिटे उशिरा पोहोचलो, एवढेच. तेव्हापासूनची सगळी इतिवृत्ते, थकबाकीदारांना पाठवलेली पत्रे आणि गच्चीच्या गळतीवरचा अखंड पत्रव्यवहार या संगणकात आहे, आणि तो सर्व युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवण्याची पद्धत, घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. त्या काळच्या फॉन्टांची युक्ती अशी होती की संगणक आपल्या समजुतीने इंग्रजी अक्षरेच साठवत असे आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवत असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली, की मुखवटा गळून पडतो आणि ‘पाणीपट्टी’च्या जागी प्रश्नचिन्हे, टोप्या घातलेली रोमन अक्षरे आणि पौंडाची खूण अशी जत्रा उभी राहते. झेरॉक्सवाल्याने ती जत्रा एकदा पाहिली आणि “काका, व्हायरस आहे,” असे सांगून माझा पेन ड्राइव्ह चिमटीत धरून परत केला.

या संगणकावर असलेल्या विंडोज एक्सपीचा अधिकृत पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, त्याच आठवड्यात मी या संगणकाची इंटरनेटची वायर काढून ठेवली. सुरक्षेची डागडुजी मिळत नसलेल्या यंत्राने बाहेरच्या जगात हिंडू नये, हे माझे मत आजही कायम आहे. मात्र या संन्यासाचा एक परिणाम माझ्या ध्यानात आला नव्हता. आपल्या संगणकाचे घड्याळ बरोबर चालते, याचे बरेचसे श्रेय इंटरनेटला असते. ते गुपचूप येऊन वेळ दुरुस्त करून जाते. आमच्या संन्याशाला तारीख सांगायला मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलशिवाय दुसरे कोणी उरले नव्हते, आणि तो सेल या जानेवारीत वारला.

तेव्हापासून रोज सकाळी काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ अशी शोकवार्ता उमटू लागली आणि तिच्याखाली ‘एफ-वन दाबा आणि पुढे चला’ अशा अर्थाचे एक वाक्य येऊ लागले. एस.टी.च्या कंडक्टरने सांगावे तितक्याच कोरडेपणाने ते सांगितलेले असे. मीही एफ-वन दाबून पुढे जात असे आणि तारीख हाताने घालत असे. पुढे मला असा शोध लागला, की भिंतीवरचे बटण चालू ठेवले, तर संगणक बंद असतानाही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि तेवढ्यावर घड्याळ तग धरते. पन्नास रुपयांचा सेल आणण्याऐवजी मी त्या बटणावर ‘हे बटण बंद करू नये – सेक्रेटरी’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि आठ महिने निभावून नेले. आळसाला शास्त्राची जोड मिळाली, की माणूस किती दूर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण मी अभिमानाने लोकांना सांगतही असे.

आता ११ सप्टेंबरची रात्र. विजा कडाडत होत्या, आणि सौभाग्यवतींनी घरातली सगळी बटणे बंद केली. “यंत्र जळलं असतं, तर तुम्हीच मला बोलला असतात,” हे त्यांचे नंतरचे निवेदन होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर बोललोच असतो.

दुसऱ्या दिवशी वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना काढायची होती. सभा सप्टेंबर संपण्याच्या आत व्हावी लागते, आणि सूचना चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. आमची सभा २८ तारखेला होती, म्हणजे १३ हा शेवटचा दिवस. मी १२ तारखेला संध्याकाळी संगणक सुरू केला, शोकवार्ता आली, सवयीने एफ-वन दाबला, गतवर्षीच्या सूचनेत विषयपत्रिका बदलली आणि बेचाळीस प्रतींचा हुकूम सोडला. तिसऱ्या प्रतीला प्रिंटरने दोन कागद एकदम ओढले आणि घशात घास अडकलेल्या माणसासारखा आवाज केला.

येथे थोडे थांबून कागदाविषयी बोलणे भाग आहे, कारण या प्रसंगात प्रिंटरचा दोष नव्हता. डोंबिवलीच्या पावसाळ्यात ट्रेमध्ये उघडा राहिलेला कागद हवेतला ओलावा पितो, मऊ पडतो, कडांनी वळतो आणि शेजाऱ्याला चिकटून बसतो. म्हणून लेझर प्रिंटरच्या ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घालावेत, घालण्यापूर्वी पत्त्यांसारखे फुलवून घ्यावेत आणि उरलेले रिम वेष्टणासकट कोरड्या ठिकाणी ठेवावे. आमच्या घरात खात्रीने कोरडी अशी एकच जागा आहे, ती म्हणजे तांदळाचा डबा. तिथे रिम ठेवण्याविषयीची बोलणी त्या वेळी अद्याप पूर्ण झालेली नव्हती.

अडकलेला कागद काढण्याचेही एक शास्त्र आहे. प्रिंटर बंद करावा, झाकण उघडून टोनरचे कार्ट्रिज अलगद बाहेर घ्यावे आणि त्यावर लगेच फडके टाकावे, कारण आतल्या ड्रमला उजेड सोसत नाही. मग कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. उलटा ओढला किंवा झटका दिला, तर तो फाटतो आणि आत राहिलेला कपटा पुढचा प्रत्येक कागद अडवतो. मी हे सर्व केले. फडकेही टाकले. ते फडके म्हणजे माझा धुतलेला पांढरा बनियन होता, हे मला काळे डाग दिसल्यावर कळले. टोनर म्हणजे शाई नव्हे, प्लॅस्टिकची अतिसूक्ष्म भुकटी असते. प्रिंटर ती उष्णतेने वितळवूनच कागदावर बसवतो, त्यामुळे कपड्यावर सांडल्यास आधी झटकावी आणि मग थंड पाण्याने धुवावी. मी कढत पाणी वापरले आणि डाग कायमचा केला. तो बनियन आता अधिकृतपणे प्रिंटरचा आहे.

या सगळ्या धांदलीत सूचनेवरच्या तारखेकडे माझे लक्ष गेलेच नाही. ती तारीख मी कधी टाइप करत नाही. काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने मी ती ‘आपोआप’ येईल अशी बसवून ठेवली आहे. बेचाळीस प्रती छापल्या, जिन्याखालच्या टपालपेट्यांत टाकल्या, एक फलकावर लावली आणि घरी येऊन चहा मागितला.

कप ओठाला लागण्यापूर्वी बेल वाजली. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक सूचना हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या खिशाला लाल पेन होते.

“सेक्रेटरीसाहेब, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते?”

“चौदा पूर्ण दिवस.”

“आपण ती जवळजवळ एकोणीस वर्षे नऊ महिने आधी दिलीत. अभिनंदन.”

सूचनेवर ०१/०१/२००६ अशी तारीख होती. सेल गेलेला मदरबोर्ड आपल्या जन्माच्या आसपासची कुठली तरी तारीख धरून बसतो, आणि आमचा बोर्ड २००६ धरून बसला होता. आमच्या सोसायटीची नोंदणी २००७ सालची. म्हणजे संस्था जन्माला येण्यापूर्वीच तिच्या सेक्रेटरीने लिफ्टच्या दुरुस्तीवर सभा बोलावली होती. मुख्याध्यापकांनी हे गुण वजा करून मला दाखवले आणि ते गेले.

रात्रीचे साडेआठ झाले होते. मी छत्री घेऊन कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेलो. सेलचा क्रमांक सीआर २०३२, आणि तो क्रमांक म्हणजेच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदाराने ‘तोच आहे’ म्हणत २०२५ पुढे केला. तोही तीन व्होल्टचाच. पण त्याची जाडी अडीच मिलिमीटर, त्यामुळे तो बोर्डावरच्या खाचेत सैल बसतो आणि आठवड्याने पुन्हा शोकवार्ता येते. मी ठामपणे २०३२ मागितला. या व्यवहारात माझा तेवढा एकच निर्णय अचूक ठरला.

घरी येऊन मी संगणकाची वायर काढली, पाठीमागचे दोन स्क्रू सोडवले आणि डबा आडवा करून बाजूचा पत्रा सरकवला. आतले दृश्य सांगण्यासारखे होते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जी धातूची पाती असतात, त्यांच्यामध्ये धुळीचे असे घट्ट नमदे जमले होते, की चिमट्याने उचलल्यावर त्यांवर पातींचे ठसे दिसत होते. हार्ड डिस्कच्या खाली पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफले होती. मी आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, पंख्याच्या पात्यांत पेन्सिल अडकवून तो फिरणार नाही असे केले आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ काढली. सेलशेजारची बारीक पट्टी नखाने दाबताच मेलेला सेल टुणकन उडाला आणि कपाटाखाली गेला. नवा सेल अधिकचे चिन्ह वर ठेवून बसवला, वायर जोडली आणि बटण दाबले.

संगणकाने लांबलचक बीप दिली, थांबला, पुन्हा लांबलचक बीप दिली आणि हे रडगाणे चालूच ठेवले. पडदा काळा होता. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, मघाशी निदान तारीख तरी चुकीची दाखवत होता!”

माझे धाबे दणाणले. पण या रडण्याचा अर्थ मला ठाऊक होता. माझ्या कोपराचा धक्का लागून रॅमची पट्टी खाचेत हलली होती. पुन्हा वायर काढून मी दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या आणि त्यांच्या खालचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने घासले. हे खोडरबर मुलीच्या चौथीतल्या कंपासपेटीतले आहे, त्याला अजून स्ट्रॉबेरीचा वास येतो, आणि माझ्या हत्यारांच्या पेटीत त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. कीस फुंकरीने न उडवता पुसून काढला, कारण फुंकरीत थुंकी असते. पट्ट्या दोन्ही कडांचे चिमटे ‘कट्’ म्हणेपर्यंत दाबून बसवल्या. या खेपेला एकच छोटी बीप आली. मूल जन्मल्याची बातमी दाईने बाहेर येऊन सांगावी, तशी ती मला वाटली.

तारीख घालताना शेवटची परीक्षा होती. या पडद्यावर महिना आधी आणि दिवस नंतर येतो, हे विसरून मी १२ आणि ०९ असे आकडे घातले आणि सोसायटीला थेट ९ डिसेंबरला नेऊन बसवले. सुदैवाने या वेळी चष्मा नाकावर होता.

राहिला प्रिंटर. मी त्याचा कागद ओढणारा रबरी रोलर पाण्याने किंचित ओल्या केलेल्या बनियनने पुसला. वर्षानुवर्षांच्या कागदाच्या भुकटीने तो गुळगुळीत झाला होता. कार्ट्रिज आडवे धरून डावी-उजवीकडे चार वेळा झुलवले, म्हणजे एका बाजूला गेलेला टोनर सारखा पसरतो आणि संपत आलेल्या कार्ट्रिजातून आणखी काही पाने निघतात. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगला जोडलेला आहे, याची खात्री केली. घरगुती यूपीएसवर लेझर प्रिंटर चालवू नये, कारण आतला हीटर तापताना एकदम इतकी वीज मागतो, की यूपीएस किंचाळत बसतो. अखेर तांदळाच्या डब्यासंबंधीच्या तहावर त्या रात्री सही झाली आणि रिमचे वेष्टण उघडले गेले. बेचाळीस प्रती एका दमात बाहेर आल्या, कोरड्या, गरम आणि १२ सप्टेंबर २०२५ या तारखेच्या.

रात्री साडेदहाला त्या पेट्यांत टाकताना मुख्याध्यापक जिन्यात भेटले. त्यांनी प्रत वाचली, लाल पेन काढले आणि वर ‘सुधारित’ हा शब्द नसल्याचे दाखवून दिले. तो शब्द मी बेचाळीस वेळा हाताने लिहिला.

सभा २८ तारखेला पार पडली. ठराव क्रमांक सात असा झाला, की सोसायटीने नवा प्रिंटर विकत घ्यावा. सूचक मुख्याध्यापक. खजिनदारांनी विचारले, की नवा प्रिंटर जुन्या संगणकावर चालेल का; मी नाही म्हणालो. जुने दप्तर नव्या संगणकावर उघडेल का. मी पुन्हा नाही म्हणालो. तेव्हा ठरावात अशी दुरुस्ती करण्यात आली, की सर्व दप्तर युनिकोडमध्ये आणून होईपर्यंत जुनीच यंत्रणा चालू ठेवावी आणि हे काम सेक्रेटरींनी सवडीने करावे. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. मी उठून उभा राहिलो होतो, तो विरोध नोंदवायला, पण लोकांना वाटले आभार मानायला.

त्या सभेचे इतिवृत्त काल टाइप करून छापायला दिले. ठराव क्रमांक सातच्या मधोमध कागद अडकला आहे. मी बनियन घेऊन आलो आहे आणि कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढतो आहे.