‘उद्याचा स्टार ओळखा’ या मेसेजला उत्तर

परवा रात्री ताईचा फोन आला. आवाज दबका. म्हणाली, "हे त्याला घेऊन अजून गॅरेजमध्येच आहेत. साडेनऊ वाजलेत. तू जरा बोल ना यांच्याशी."

फेब्रुवारी महिना, न्यू जर्सी, बाहेर बर्फ. भाचा तेरा वर्षांचा, शाळेतून आला की होमवर्क आणि मग बेसबॉल. पिचर आहे, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. गॅरेजमध्ये जाळी बांधून, हातात ऑनलाइन मागवलेली रडार गन धरून दाजी त्याच्याकडून चेंडू फेकून घेत होते. प्रत्येक चेंडूचा वेग भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर. त्या रात्री फळ्यावर बहात्तर आकडे होते. मी विचारलं तर दाजींनी एक मेसेज पुढे पाठवला. "वाच, सगळं दिलंय त्यात."

वाचला. आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर दोन आठवडे फिरतोय, अनेकांनी पाहिला असेल. ‘नवा मोसम सुरू होण्याआधी मायनर लीगमधला उद्याचा स्टार कसा ओळखाल? पाच पक्की सूत्रं.’ (मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सर्वात वरची पातळी, मायनर लीग म्हणजे तिच्या क्लबांचे खालचे, खेळाडू घडवणारे संघ.) थोडक्यात सांगायचं तर अशी: मार्चमधल्या स्प्रिंग ट्रेनिंगचे, म्हणजे मोसमाआधीच्या सराव सामन्यांचे आकडे बघा, तेच खरे. होतकरू खेळाडूंच्या टॉप १०० च्या यादीत नाव आलं की मेजर लीग ठरलेलीच. मायनरमध्ये जास्त होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारणारा वरही मारतोच. क्लबनं ज्याला खाली ठेवलं त्याच्यात काहीतरी कमी असतंच. आणि पाचवं, ठळक अक्षरांत: पिचरचा वेग हेच सर्व काही, म्हणून मुलांना बाराही महिने पूर्ण ताकदीनं फेकायला लावा, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल वेगाच्याच जोरावर अमेरिकेत पोचले.

मी प्रशिक्षक नाही. न्यूयॉर्क यँकीज या मेजर लीग क्लबचा डबल ए (मेजरच्या दोन पायऱ्या खालचा) संघ, सॉमरसेट पेट्रियट्स, २०२१ पासून आमच्या शेजारच्या ब्रिजवॉटरमध्ये खेळतो. तिथं होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसून मी बरेच उन्हाळे काढले आहेत, एवढाच माझा अधिकार. पण पाचवं सूत्र वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून आधी तेच.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. मेजर लीगमध्ये वेग वाढलाय. २००८ साली सरळ फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये तो ९४.२ झाला. वेगवान पोराला स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) आधी बघतात, क्लब जास्त पैसे देतात. पण हे आकडे आले कुठून? मेजर लीग बेसबॉलनं डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर एक मोठा अहवाल काढला, त्यातून. आणि तो अहवाल सांगतो की वेगामागे लागणं, चेंडू जास्तीत जास्त वळवायच्या मागे लागणं आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकणं, याच कारणांमुळे दुखापती वाढल्या. हे लोण शाळकरी मुलांपर्यंत पोचलंय, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे खुद्द मेजर लीग ज्याला रोग म्हणते, तेच हा मेसेज औषध म्हणून वाटतोय.

तेरा वर्षांच्या मुलाचं कोपर म्हणजे मोठ्या माणसाच्या कोपराची छोटी आवृत्ती नव्हे. हाडाच्या टोकाशी जिथं वाढ होते तो भाग अजून कच्चा असतो आणि जोराचा प्रत्येक हिसका तिथंच बसतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाची नियमावली केली आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत, त्यानंतर ठरावीक दिवस विश्रांती घ्यावी, वर्षातले किमान ४ महिने सामन्यांत पिचिंग करू नये, आणि त्यातले सलग दोन-तीन महिने फेकणं पूर्ण बंद ठेवावं. पूर्ण बंद, दाजी. गॅरेजमध्येसुद्धा. नोव्हेंबरपर्यंत तो स्पर्धा खेळला आणि डिसेंबरपासून जाळीत फेकतोय. मग हे सलग दोन-तीन महिने कुठले?

वेगच सर्व काही असता तर स्टीव्ह डाल्कोव्स्की हे नाव घरोघरी माहीत असतं. कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनचा डावखुरा पोरगा, बाल्टिमोर ओरिओल्स क्लबच्या मायनर संघांत १९५७ पासून. इतक्या वेगानं टाकणारा माणूस पाहिलाच नाही, असं त्याच्यासमोर उभे राहिलेले बॅटर सांगत. पहिल्याच मोसमात ६२ इनिंगमध्ये त्यानं १२१ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मारू न देता बाद केलं, आणि १२९ जणांना वॉक दिले, म्हणजे चार चेंडू भरकटवून पहिला बेस फुकटात दिला. १९६० मध्ये स्टॉकटनला १७० इनिंग, २६२ स्ट्राइकआउट, २६२ वॉक. समोरच्याला चेंडू दिसत नव्हता आणि याला तो कुठं जाईल ते कळत नव्हतं. पुढे १९६२ मध्ये प्रशिक्षक अर्ल वीव्हरच्या हाताखाली तो जरा सावरला, वॉक कमी झाले. १९६३ च्या मार्चमध्ये, मोसम तोंडावर असताना, ओरिओल्सच्या गणवेशासाठी त्याचं माप घेतलं गेलं. त्याच दिवसांत यँकीजविरुद्धच्या सराव सामन्यात त्याच्या कोपरात काहीतरी तटकन तुटलं. मेजर लीगमध्ये तो एकही चेंडू टाकू शकला नाही.

रिंकू आणि दिनेश यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. भालाफेक करणारी उत्तर प्रदेशातली दोन पोरं, हातात कधी बेसबॉल धरलेला नाही, २००८ च्या एका स्पर्धेतून निवडली जातात आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सशी करार करतात. लहान गोष्ट नाही ती. पण मेसेजनं गोष्ट अर्धीच सांगितली. दिनेशला २०१० मध्ये क्लबनं सोडलं आणि तो घरी परतला. रिंकूनं चिकाटीनं सिंगल एपर्यंत (डबल एच्या खालची पातळी) मजल मारली, पण पुढची वर्षं दुखापतींनी खाल्ली आणि शेवटी तो कुस्तीच्या रिंगणात गेला. डबल एपर्यंतही दोघांपैकी कोणी पोचलं नाही. नुसत्या वेगावर निवडलेल्या मुलांपुढे काय वाढून ठेवलेलं असतं, याचा दाखला म्हणून मीच ही नावं घेतली असती.

बाकीची सूत्रं भराभर घेतो.

स्प्रिंग ट्रेनिंगचे आकडे. फ्लोरिडा आणि ॲरिझोनातले ते सामने म्हणजे तालीम. नावाजलेला पिचर त्या दिवशी फक्त चेंडू टाकायचा एखादा नवा प्रकार घोटवून बघत असतो, आणि सातव्या इनिंगमध्ये समोर येतो तो कदाचित सिंगल एचा पोरगा. आपल्याच भागातल्या वॉचंगमध्ये वाढलेला अँथनी व्होल्पी २०२३ च्या मार्चमध्ये ०.३०० च्या वर सरासरीनं, म्हणजे दहा खेपांत तीनहून जास्त हिट मारत, खेळला आणि यँकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) झाला. मोसमाअखेर त्याची सरासरी होती ०.२०९. क्षेत्ररक्षणासाठी मात्र त्याच वर्षी त्याला गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला. तो गुण मार्चच्या कुठल्या आकड्यात दिसत होता?

होम रन. ब्रँडन वूडनं २००५ मध्ये रँचो कुकामोंगा या मायनर संघाकडून ४३ मारले. पण ती कॅलिफोर्निया लीग, बॅटरना झुकतं माप देणारी. मेजर लीगमध्ये त्याची एकूण सरासरी ०.१८६. आकडा बघताना लीग कुठली, मैदान कुठलं आणि सगळ्यात आधी वय किती, हे विचारायचं असतं. डबल एमध्ये २० वर्षांच्या पोरानं काढलेली ०.२६० आणि २५ वर्षांच्या माणसानं काढलेली ०.२६० या एकच गोष्ट नाहीत.

क्लबनं खाली ठेवलं म्हणजे कमी आहे, हे तर सरळसरळ खोटं. क्रिस ब्रायंटनं २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये ९ होम रन मारले, तरी शिकागो कब्जनं त्याला मायनरमध्ये पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. मेजर लीगमधल्या सेवेचं एक वर्ष (अशी ठरावीक वर्षं भरली की खेळाडू क्लबच्या ताब्यातून सुटतो) धरायला १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. त्या एका दिवसानं तो क्लबच्या ताब्यात एक वर्ष जास्त राहिला. तिथं प्रश्न गुणांचा नव्हता, हिशेबाचा होता.

राहिली टॉप १०० ची यादी. इथं नाइलाजानं थोडं मान्य करावं लागतं, कारण त्या याद्या करणारी माणसं कष्ट घेतात आणि वरची नावं खालच्यांपेक्षा खरोखर जास्त यशस्वी होतात. पण किती? रॉयल्स रिव्ह्यू या संकेतस्थळावर २०११ मध्ये स्कॉट मॅकिनीनं बेसबॉल अमेरिका या नियतकालिकाच्या १९९० पासूनच्या याद्या तपासल्या. यादीतले सुमारे ७० टक्के खेळाडू अपयशी ठरले होते. पहिल्या २० मधले बॅटर साधारण ६० टक्के यशस्वी, पिचर ४० टक्के. २१ ते १०० मधले पिचर जेमतेम २० टक्के. आता दाजींनी हे परत वाचावं: निवडक शंभर, त्यातले विसाव्या क्रमांकानंतरचे पिचर, आणि पाचातले चार जमले नाहीत. त्या पिचरपैकी कोणाकडेच वेग नव्हता का?

यादीला दुखापत दिसत नाही. हासोन डोमिंगेझला यँकीजनं सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलरला घेतलं. ब्रिजवॉटरला त्याला मी खेळताना पाहिलाय, बॅटचा आवाजच वेगळा यायचा. १ सप्टेंबर २०२३ ला मेजर लीगमध्ये आला, पहिल्याच खेपेला नामवंत पिचर जस्टिन व्हर्लँडरला होम रन मारला, ८ सामन्यांत ४ मारले, आणि पंधरवड्याच्या आत कोपराचा अस्थिबंध फाटल्याचं कळलं. तो तर पिचरही नाही.

मग स्काउट बघतात काय? एका संध्याकाळी माझ्या पुढच्याच रांगेत एक म्हातारा स्काउट बसला होता. एका हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. मैदानावरच्या बोर्डावर पिचरचा वेग ९८ झळकला तेव्हा सगळं स्टँड ओरडलं, त्यानं मान वर केली नाही. पण पुढच्याच बॅटरनं साधा ग्राउंडर, जमिनीवरून सरपटणारा फटका, मारला आणि जीव घेऊन पहिल्या बेसकडे धावला, तेव्हा स्टॉपवॉच दाबलं गेलं. पिचरनं दोन वॉक दिल्यावर पुढचा चेंडू टाकताना त्याचा पाय त्याच जागी पडतोय का, हे तो वाकून बघत होता. स्काउट प्रत्येक कौशल्याला २० ते ८० मध्ये गुण देतात, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. वेग हा त्यातला एक रकाना. नियंत्रण हा दुसरा, आणि डाल्कोव्स्की त्याच रकान्यात अडकला.

एप्रिलमधल्या ब्रिजवॉटरच्या सामन्याची तीन तिकिटं मी काढली आहेत, होम प्लेटच्या मागची. भाच्याला वही आणायला सांगितलंय, स्टॉपवॉच माझ्याकडे आहे. दाजी अजून हो म्हणालेले नाहीत. फळा मात्र ताईनं काल पुसला.