लॅपटॉप अजून 2009 सालातच

आमच्या लॅपटॉपला रोज सकाळी 1 जानेवारी 2009 उजाडते. बँकेची साइट उघडावी, तर ब्राउझर म्हणतो, 'तुमचं घड्याळ मागे आहे.' त्याचंही बरोबर आहे. साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे तिचं ओळखपत्र, चालू सालातलं. 2009 मध्ये बसलेल्याला ते अजून जन्मायचंय. एक्सेलची फाइल सेव्ह केली की तारखेच्या क्रमानं यादीच्या तळाशी जाऊन बसते, आणि मी ती वर शोधत राहतो.

"नेटवरून टाइम आपोआप लागतो की, मामा," असं पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं. पुण्यातूनच सांगितलं, म्हणजे विषय संपला. पण विंडोजचा हिशेब शाळेतल्या मास्तरांसारखा आहे: दहा मिनिटं उशिरा आलेल्याला दटावून आत घेणार, वर्षानुवर्षं न फिरकलेल्याला ओळखच दाखवणार नाही. फरक 15 तासांच्या आत असेल तर दुरुस्ती, नाहीतर राम राम.

गल्लीनं आपापली निदानं केली. व्हायरस. फॉरमॅट मार. एका दुकानदारानं तर लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं जाहीर केलं आणि नवीन लॅपटॉपचा भाव सांगितला.

गेला होता तो फक्त रुपयाच्या नाण्याएवढा सेल. 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, 3 व्होल्ट. मशीन बंद असताना आतला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरत असतो, त्यावर घड्याळ चालतं, आणि ती थरथर हा सेल सांभाळतो. तो कधी मेला ते कळलंच नाही, कारण मोठी बॅटरी त्याचं काम ओढत होती. पुढं तीही गेली. राहिला चार्जर. आणि आमच्या घरात झोपण्यापूर्वी आई सगळी बटणं बंद करते. वीज तुटली, की घड्याळ परत 1 जानेवारी 2009 ला.

"बटण मीच बंद करतो की रोज," आई म्हणाली. "लाइट बिल काय तुझं घड्याळ भरतंय व्हय?"

यावर काय बोलणार? आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात सूर्याचा किरण 31 जानेवारीला देवीच्या पायाशी येतो, 1 फेब्रुवारीला छातीपर्यंत, 2 ला मुखावर. नोव्हेंबरात 9, 10, 11 ला पुन्हा तेच. सेल नाही, चार्जर नाही. ढग किंवा कुणाची बिल्डिंग आडवी आली तरच चुकामूक.

सेल महाद्वार रोडला घड्याळवाल्याकडं लगेच मिळाला. बऱ्याच गाड्यांच्या रिमोटमध्येही तोच असतो. तो घेऊन राजारामपुरीतल्या एका रिपेअरवाल्याकडं गेलो. त्यानं कीबोर्ड उचलला, धूळ फुंकली. आतला सेल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, त्याला लाल-काळी वायर, टोकाला तांदळाएवढी पिन. माझ्या हातातला अगदीच उघडाबोडका.

"यालाच वायर डाग मारून बसवूया की," मी म्हणालो.

"सेल तापवत्यात व्हय, साहेब? फुटतोय त्यो."

मग वायरवाला सेल मागवणं आलं. आल्यावर त्यानं तो बसवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत तारीख-वेळ घातली. ते घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं. मी माझा मोबाइल दाखवला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "दहा मिन्टाचं नेट बघून घेतंय." आणि बिलात सेलच्या खाली लिहिलं: टाइम लावणे, 50 रुपये.