न तपासताच ‘बॅकअप यशस्वी’ छापणाऱ्या स्क्रिप्टा

आधीच्या आज्ञांचे काय झाले याची कसलीही चौकशी न करता शेवटच्या ओळीत ‘बॅकअप यशस्वी’ असे छापणारी शेल स्क्रिप्ट (संगणकाला एकामागून एक आज्ञा देणारी फाइल) जे लोक पैसे घेऊन बसवून देतात, त्यांचा मला मनस्वी संताप येतो. आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये बाहेरच्या कंत्राटदाराची अशीच एक स्क्रिप्ट ऐन कापसाच्या हंगामात रोज रात्री हे वाक्य लॉगमध्ये लिहीत राहिली. काटापट्ट्या, शेतकऱ्यांची खाती, चुकाऱ्यांच्या नोंदी सारे त्या डेटाबेसमध्ये होते, आणि डिस्क बिघडली तेव्हा अलीकडच्या प्रत्येक बॅकअप फाइलचा आकार निघाला २० बाइट. काट्यावर गाडी न चढवताच काटापट्टी फाडण्याचा हा प्रकार आहे. कार्बन प्रतींवरून नोंदी पुन्हा भरल्या जाईपर्यंत चुकारे थांबले, आणि ज्यांचा कापूस कधीच गाठी होऊन गेला होता ते शेतकरी फाटकाशी उभे राहिले.

हे घडले कसे? लाइन जाऊन परत आली, संगणक सुरू झाला, पण डेटाबेस चालवणारे मायएसक्यूएल उठले नाही. डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढणारी आज्ञा अपयशी ठरली आणि पाइपच्या (एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीच्या) पलीकडच्या जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाने हाती आलेल्या शून्याचीच फाइल बांधली, कारण रिकाम्या इनपुटपासूनही ते २० बाइटची वैध फाइल तयार करते. शेल, म्हणजे या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, पाइपलाइनचा निकाल म्हणून केवळ शेवटच्या आज्ञेचा एक्झिट कोड (आज्ञा संपताना सांगते तो निकालाचा आकडा) धरतो, आणि जीझिपचा कोड शून्य होता, म्हणजे सारे ठीक. मधली एक आज्ञा फसली तरी सारी पाइपलाइन फसली असे धरणारा ‘पाइपफेल’ हा यावरचा पर्याय बॅश या शेलमध्ये २००४ च्या ३.० आवृत्तीपासून आहे आणि युनिक्स-प्रकारच्या प्रणालींसाठीच्या २०२४ च्या पॉझिक्स मानकातही आला आहे. वीस वर्षे उपलब्ध असलेली एक ओळ लिहायला या माणसांचे हात का वळत नाहीत? आज्ञा फसली की स्क्रिप्ट थांबवणारे ‘सेट -ई’ लावले की सुटलो, असेही कोणी समजू नये. इफच्या अटीत किंवा दुहेरी अँडच्या (&&) डावीकडे आलेल्या आज्ञेच्या अपयशावर ते स्क्रिप्ट थांबवत नाही.

जुन्या फाइली पुसण्याची तऱ्हा तर याहून भयंकर होती. आधी सीडी (फोल्डर बदलण्याची आज्ञा) करून बाहेरच्या डिस्कच्या फोल्डरात जायचे आणि मग तिथल्या सगळ्या जीझेड (जीझिपने बांधलेल्या) फाइली आरएम या पुसण्याच्या आज्ञेने उडवायच्या. डिस्क जोडलेली नसली की सीडी फसते, पण स्क्रिप्ट पुढे चालतच राहते. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन काम सुरू करतो वापरकर्त्याच्या होम फोल्डरातून, त्यामुळे तिथे जपून ठेवलेली मागच्या हंगामांची खातीच पुसली गेली. सीडीच्या पुढे ‘नाही तर एक्झिट’ एवढे लिहिले असते तरी हे टळले असते. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टने एक चल (व्हेरिएबल) रिकामे राहिल्यामुळे वापरकर्त्याच्या फाइली पुसल्याचे प्रकरण जगभर गाजले होते. चलाच्या नावापुढे महिरपी कंसात अपूर्णविराम (:) आणि प्रश्नचिन्ह घातले की रिकाम्या चलावर स्क्रिप्ट तिथेच थांबते. इतक्या गाजलेल्या अपघातानंतरही कोणी शिकत नसेल, तर त्याला निष्काळजीपणाच म्हणावे लागेल.

फाइलीचे नाव ‘कापूस आवक’ असे ठेवले की चल अवतरणचिन्हांत नसल्यामुळे शेल त्याचे दोन शब्द करतो आणि दोन्ही सापडत नाहीत. त्यावर आम्हालाच ताकीद मिळाली की नावात मोकळी जागा ठेवू नका! अवतरणचिन्हे विसरल्याचे आणि सीडी न तपासल्याचे, दोन्ही दोष शेलचेक हे फुकट साधन ओळ क्रमांकासकट दाखवते. ते एकदाही चालवलेले नव्हते.

सगळ्यावर कंत्राटदाराचे उत्तर असे की, तुमच्याकडे लाइन फार जाते, त्याला आम्ही काय करणार. लाइन जाते हे काम घेतानाच ठाऊक होते ना? मग डम्प थेट अंतिम नावाने का लिहिला? एमकेटेम्प या आज्ञेने त्याच डिस्कवर तात्पुरती फाइल घ्यावी, डम्प पूर्ण झाल्याची शेवटची ओळ त्यात आहे का ते पाहावे, जीझिपच्या -टी पर्यायाने ती तपासावी, आणि मगच एमव्ही या नाव बदलणाऱ्या आज्ञेने खरे नाव द्यावे. एकाच फाइलसिस्टममध्ये एमव्ही नाव एका झटक्यात बदलतो, त्यामुळे डम्प चालू असताना मध्येच लाइन गेली तरी अर्धवट डम्प पूर्ण बॅकअपच्या नावाने पडून राहत नाही. ‘यशस्वी’ हा शब्द या एमव्हीनंतर, आणि तोही त्याचा एक्झिट कोड शून्य आला तरच, छापायचा असतो.