मॅडम, माऊसला हात लावू नका

एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप उरकणारा छोटा प्रोग्राम, चालू असताना माऊसला हात न लावणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आमच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडम आहेत. कासारवडवलीहून येतात. कापूरबावडीला बस अडकली की अर्धा-अर्धा तास निमूट बसून राहतात, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. त्याच मॅडम एक्सेल पाच सेकंद गप्प राहिलं की इंटरकॉम उचलतात. "अरे, तुझं ते हँग झालंय." माझं ते! लिहिणारा मुलगा कधीच पुण्याला निघून गेला. माझ्या वाट्याला मॅक्रो आणि इंटरकॉम.

पाच सेकंदांचा हा हिशेब विंडोजचाही आहे, त्यामुळे मॅडमना एकट्यांना दोष देता येत नाही. एखाद्या खिडकीनं पाच सेकंद आपल्या रांगेतले निरोप घेतले नाहीत, की विंडोज तिच्या नावापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' लावतं आणि तिच्या जागी एक पांढुरकी तोतया खिडकी उभी करतं. आत लूप, म्हणजे तेच काम ओळीमागून ओळ करत जाणारा मॅक्रोचा भाग, बिचारा इमानेइतबारे चाळीस हजार बिलांचे जीएसटी नंबर ताडून बघत असतो. बाहेरून मात्र सुतकी कळा.

मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएचं सगळं काम एकाच थ्रेडवर चालतं. म्हणजे एकट्या माणसानं चालवलेली पिठाची गिरणी. दळणारा तोच, डबे घेणारा तोच, आणि घरघर सुरू असताना तुम्ही किती का ओरडा, त्याला ऐकू जात नाही. बरं, ओरडणं वायाही जात नाही. दाबलेली प्रत्येक क्लिक रांगेत उभी राहते. मॅडमनी वैतागून चारदा बटण दाबलेलं असतं; लूप संपतो, स्क्रीन शुद्धीवर येते, मॅडम "झालं बाई एकदाचं" म्हणतात आणि मॅक्रो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो.

यावर 'डूइव्हेंट्स' नावाची एका शब्दाची मात्रा आहे. लूपच्या मध्ये हा शब्द टाकला की गिरणीवाला मान वर करून बाहेर बघतो, रांगेतलं काय ते उरकतो आणि परत दळायला लागतो. दर ओळीला टाकला तर बघण्यातच दिवस जातो, म्हणून मी दर पाचशे ओळींनी टाकला. खाली स्टेटस बारवर '४०,००० पैकी १२,५००' असा आकडाही पळवला. इंटरकॉम शांत झाला.

आणि खरा वनवास सुरू झाला. गिरणीवाला बघतोय म्हटल्यावर लोक थेट आपला डबा ओततात, गव्हावर ज्वारी. मॅडमनी मध्येच बटण पुन्हा दाबलं. आता मॅक्रोच्या पोटात दुसरा मॅक्रो. पहिला १२,५०० वर खोळंबलेला, दुसरा एकपासून निघालेला. दुसरा संपेल तेव्हा पहिला डोळे चोळत पुढे जाणार. शिवाय स्क्रीन हलतेय म्हणून मॅडमनी तेवढ्यात गणपतीच्या वर्गणीची शीट उघडली. पुण्याच्या चिरंजीवांनी 'जी शीट समोर असेल तिच्यात लिही' अशी सढळ आज्ञा देऊन ठेवली होती. आमच्या शिपाईमामांच्या १५१ रुपयांपुढे २४ नं सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा, जीएसटी नंबर येऊन बसला. मामा दिवसभर विचारत होते, "साहेब, वर्गणीवर पण टॅक्स लागला का?"

जाणकार सांगतात, लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर टाका, डूइव्हेंट्सच्या नादी लागू नका. बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेटमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्यासाठी २००५ पासून बॅकग्राउंडवर्कर नावाचा तयार गडी मिळालाय. व्हीबीएला असलं काही नाही. उलट २००७ च्या एक्सेलनं ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ केल्या, आणि आमचे साहेब "जागा आहे ना, मग सगळी वर्षं एकाच शीटमध्ये टाका" म्हणून मोकळे झाले.

मग मी कडक बंदोबस्त केला. लूप सुरू होताच बटण बंद. शीटचं नाव कोडमध्ये ठोकून. समोर एक फॉर्म, तो उघडा असेपर्यंत मागच्या कुठल्याच शीटला हात लावता येणार नाही. फॉर्मवर सरकणारी हिरवी पट्टी आणि खाली एकच बटण: 'रद्द करा'. माणसाला अडकल्यासारखं वाटू नये म्हणून.

मॅडमनी ते पहिल्याच मिनिटाला दाबलं.

"का दाबलंत?"

"दुसरं काही दाबताच येत नव्हतं ना!"

मी 'खरंच रद्द करायचं?' असा प्रश्न विचारणारी चौकट घातली. हो किंवा नाही. त्या दिवशी पट्टी ३८,५०० पर्यंत छान गेली. मॅडमनी सवयीनं 'रद्द करा' दाबलं, चौकट आली, तेवढ्यात जेवणाची वेळ झाली म्हणून त्या डबा घेऊन उठल्या. उत्तर मिळेपर्यंत लूप पुढे सरकत नाही. पाऊण तासानं त्या बडीशेप चघळत परत आल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि इंटरकॉम उचलला.

"अरे, तुझं हे फारच स्लो आहे हं."