पुस्तक वाचून ट्रॅक बनतो का?

(पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.)

"ताई, ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) बनवायला शिकायचंय, एखादं पुस्तक सांगा ना." असा मेसेज आला की मी सांगते. हाच प्रश्न ठाण्या-नवी मुंबईतल्या आमच्या डीजे मंडळींना विचारला तर उत्तर ठरलेलं: पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलंय का? यूट्यूब बघ, एफएल स्टुडिओ (ट्रॅक बनवायचं सॉफ्टवेअर) उघड, डोकं आपट, येईल आपोआप.

मला हे पटत नाही. पाण्यात पडलेल्याला आपण बुडतोय हे निदान कळतं तरी. ट्रॅक बनवणाऱ्याला तेही कळत नाही. हेडफोनवर सगळं झकास वाजत असतं, मित्र "भावा, आग" म्हणत असतात, आणि तोच ट्रॅक मांडवातल्या सिस्टिमवर गेला की बेसचा पत्ता नसतो. का गेला ते माहीत नाही, आणि शोधायचं तर काय शोधायचं तेही माहीत नाही. पुस्तक कामाला येतं ते इथे. पाच-सात ट्रॅक बिघडवून झाल्यावर.

घणसोलीचा एक मुलगा माझ्याकडे येतो. हळदीचे रिमिक्स करतो. हात चांगला आहे, किकचा (ड्रमच्या खोल ठोक्याचा) आवाज निवडण्यात तर माझ्यापेक्षा सरस. त्याची एकच तक्रार होती. बेसलाइन (खालच्या सुरांची ओळ) ए मायनर स्केलमधली; जी हा सूर नीट वाजतो, सी नीट वाजतो, ए आला की आवाज बसतो. मग हा काय करायचा, तेवढ्या ए ची व्हेलॉसिटी (सुराचा जोर) वाढवायचा, वरून ईक्यूने (ठरावीक फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) 55 हर्ट्झला चांगला फुगवटा द्यायचा. घरी समाधान. गाडीत लावलं की तोच ए असा घुमायचा की डॅशबोर्डवरचा गणपती थरथरायचा. त्याने प्लगइन बदलले, सॅम्पल बदलले, शेवटी स्पीकर विकायला काढले.

एकदा त्याच्या घरी गेले. खोली दहा बाय दहा, आपल्याकडच्या निम्म्या बेडरूम असतात तशी. एका भिंतीला दिवाण, एकीला लोखंडी कपाट, उरलेल्या जागेत टेबल, आणि खुर्ची बरोबर खोलीच्या मध्यावर. मिक्सिंगच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात खोलीवर एक प्रकरण असतं आणि त्यात एक शाळकरी गणित असतं. आवाजाचा वेग आपल्या हवेत सेकंदाला साधारण 345 मीटर. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागा. उत्तर येतं 56 हर्ट्झच्या थोडं वर. या फ्रीक्वेन्सीची लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अशी अडकते की भिंतीपाशी दाब सर्वात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. त्याचा ए होता 55 हर्ट्झचा. म्हणजे जो सूर त्या खोलीत मधोमध ऐकूच येणार नाही, तोच सूर हा मधोमध बसून दुरुस्त करत होता.

त्याला नुसतं सांगून पटलं नसतं. 55 हर्ट्झची साधी साइन वेव्ह लावली आणि म्हटलं, उठ, खोलीत फिर. खुर्चीपाशी काहीच नाही, फक्त स्पीकरचा पडदा हलताना दिसतोय. दोन पावलं मागे दिवाणाकडे गेला तर बेस पोटात जाणवायला लागला. कपाटाला पाठ टेकली तर कपाटाचा दरवाजा खडखडायला लागला. पोरगं पाच मिनिटं नुसतं मागे-पुढे करत होतं. आई बाहेरून विचारतेय, "काय रं चाललंय?" मग टेबल पुढच्या भिंतीला सरकवलं, खुर्ची त्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आली, आणि ए परत आला. पूर्ण नाही, पण कामापुरता. भिंतीवर हौसेने चिकटवलेला दोन इंची फोम या सगळ्यात निरुपयोगी होता, कारण 55 हर्ट्झची लाट सहा मीटरपेक्षा लांब असते. दोन इंचांचा अडथळा तिला जाणवतसुद्धा नाही. फोम वरच्या पट्टीचा चकचकाट कमी करतो, बस.

आता हा मुलगा यूट्यूब बघत नव्हता का? रोज बघत होता. पण तो काय शोधत होता? 'बेस पॉवरफुल कसा करायचा.' त्यावर हजार व्हिडिओ आहेत, सॅच्युरेशन लावा, डिस्टॉर्शन लावा, हे प्लगइन घ्या, ते घ्या. सगळे आपापल्या जागी बरोबरही असतील. तुम्ही जे विचाराल त्याचं उत्तर तिथे मिळतं. जे विचारायचं सुचलंच नाही, ते तिथे कसं मिळणार? पुस्तकात खोलीचं प्रकरण ईक्यूच्या आधी येतं. ते टाळायचं म्हटलं तरी पानं उलटावी लागतात आणि उलटताना नजर पडतेच. सर्चच्या पट्टीत हा प्रकार होत नाही.

यूट्यूबला नावं ठेवायची नाहीत मला. सिंथवर (सिंथेसायझरवर) एखादा आवाज कसा घडवतात ते पानावर वाचणं म्हणजे छळ आहे. ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप यांचे आलेख छापले जातात आणि वाचणारा जांभया देतो. तेच कोणी नॉब फिरवून दाखवलं की दोन मिनिटांत डोक्यात शिरतं.

बरं, पुस्तक घ्यायचं तर कुठलं? सॉफ्टवेअरवरचं घेऊ नका. दुकानदार तेच गळ्यात मारतात, कारण मुखपृष्ठावर ओळखीचं नाव दिसतं. एफएल स्टुडिओने 2018 मध्ये बाराव्या आवृत्तीवरून थेट विसावर उडी मारली. त्याआधीच्या पुस्तकांतले मेन्यू आणि स्क्रीनशॉट जुने झाले. असली पुस्तकं रद्दीतसुद्धा जड जातात. आवाजावरची पुस्तकं मात्र टिकतात, कारण कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) काय करतो हे आवृत्तीनुसार बदलत नाही. रिक स्नोमनचं 'डान्स म्युझिक मॅन्युअल' 2004 मध्ये पहिल्यांदा आलं, पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यातली सिंथेसिस, कॉम्प्रेशन, मिक्सिंग ही प्रकरणं मी अजून उघडते. हाउस असं करा, ट्रान्स तसं करा, ही प्रकरणं सरळ सोडून द्या, असं माझं मत. पाककृती वाचून केलेला ट्रान्स तसाच वाजतो, पाककृती वाचून केल्यासारखा. दुसरं, एबलटन या सॉफ्टवेअर कंपनीने 2015 मध्ये काढलेलं डेनिस डिसँटिसचं 'मेकिंग म्युझिक'. एबलटनचं असूनही ते त्यांच्या सॉफ्टवेअरला बांधलेलं नाही. एक अडचण, तिच्यावर एक उपाय, प्रकरण संपलं. आठ बारचा लूप भन्नाट होतो आणि पुढे ट्रॅक होतच नाही, हा रोग ज्यांना आहे (आपल्याला सगळ्यांनाच आहे) त्यांनी ते वाचावं.

आणि वाचायचं कसं, तर लॅपटॉप उघडा ठेवून, एका बैठकीत फार तर दोन पानं. कॉम्प्रेसरचं प्रकरण घ्या. पुस्तक म्हणतं, अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) जलद ठेवला की ठोक्याची धार जाते. ठीक, वाचलं. आता किकवर कॉम्प्रेसर लावा, थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर आवाज दाबला जातो ती) चांगला खाली ओढा, अटॅक 1 मिलिसेकंदावर ठेवा आणि ऐका. मग 30 वर न्या, पुन्हा ऐका. 1 वर किक उशीवर बुक्की मारल्यासारखी वाजते, 30 वर तिच्या तोंडाशी टक् ऐकू येतो. मग रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ. 128 बीपीएमला (मिनिटाला 128 ठोके) एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत 468.75 मिलिसेकंद असतात. रिलीज त्याहून लांबला तर कॉम्प्रेसर पुढच्या किकपर्यंत सावरत नाही आणि सगळा ट्रॅक दबलेला राहतो. साइडचेनने (किक वाजली की बाकीचा आवाज दाबण्याने) जो श्वास घेतल्यासारखा परिणाम येतो, त्याचं रहस्य याच आकड्यात आहे. हे नुसतं वाचलं तर संध्याकाळपर्यंत विसराल. एकदा कानाने पकडलंत तर दुसऱ्याच्या ट्रॅकमध्येही ऐकू यायला लागेल.

टेलिग्रामवरून फोल्डरभर पीडीएफ उतरवून ठेवणाऱ्यांबद्दल काय बोलायचं! त्यांना फोल्डर बनवायचा छंद आहे, संगीताचा नाही.

पुस्तकाच्या विरोधातला एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. रोलंड कंपनीचं टीबी-303 हे यंत्र निघालं तेव्हा एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा, एवढाच त्याचा हेतू होता. त्या कामात ते सपशेल पडलं. मग शिकागोच्या फ्युचर या गटाने त्याचे नॉब वाटेल तसे पिळले, 1987 मध्ये त्यांचा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार उभा राहिला. त्याच्याही आधी, 1982 मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच यंत्र आणि रोलंडचंच टीआर-808 हे ड्रमचं यंत्र घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले होते. ती रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही; 2010 मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. यातलं काहीच रोलंडच्या माहितीपुस्तिकेत नव्हतं. मग पुस्तक हवं कशाला?

माझं उत्तर असं: चरणजित सिंग हिंदी सिनेसंगीतात वर्षानुवर्षं वाजवलेले वादक होते. भैरव कुठून कुठे जातो हे त्यांच्या हातात होतं. यंत्र नवं होतं, कान जुना होता. ज्याच्याकडे असा कान आहे त्याने खुशाल पुस्तिका फेकून द्यावी. ज्याच्याकडे नाही, तो नॉब पिळेल, एकदा काहीतरी भारी वाजेल, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा काढता येणार नाही. रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला आवाज फुगवणं) म्हणजे काय हे माहीत असेल तर निदान कुठला नॉब पिळला होता ते तरी शोधता येईल.

तसं पाहिलं तर हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिका' छापली, तेव्हा गाणं कागदावर येतं का, म्हणून नाकं मुरडणारे कमी नव्हते. नाकं मुरडणाऱ्यांचं थोडं बरोबरही होतं; कागदावरून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) येत नाही. तबल्याच्या परीक्षेत तालाची व्याख्या घोटून लिहिणारी आणि हातात एक कायदा (तबल्यावरची विस्ताराची रचना) न बसलेली मुलं मी परीक्षेच्या केंद्रांवर ढिगाने पाहिली आहेत. तरी ज्यांना घराण्याचं दार कधी उघडलं नसतं अशा घरांतल्या मुलामुलींना त्या पुस्तकांनी बंदिशी दिल्या. माझ्यासारखीला तर दिल्याच. आणि मुख्य म्हणजे भातखंड्यांनी ते मराठीत लिहिलं.

इथे माझी खरी तक्रार आहे. मी वर सांगितलेली दोन्ही पुस्तकं इंग्रजी आहेत. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या गावठाणांतली जी पोरं आगरी-कोळी हळदीचे ट्रॅक बनवतात, त्यातली बरीचशी मराठी शाळेतली. त्यांना 'फेज कॅन्सलेशन' वर सहा पानं इंग्रजी वाचायला लावणं म्हणजे दारात उभं करून आत न घेणं आहे. मुद्दा दोन ओळींचा आहे: बेसवर स्टिरिओ वायडनर (आवाज डावीकडे-उजवीकडे पसरवणारं प्लगइन) लावला, डाव्या-उजव्या लाटा उलट झाल्या, मांडवातली सिस्टिम दोन्ही बाजू एकत्र करून वाजवते, तिथे त्या एकमेकींना खातात. म्हणून बेस मोनो (दोन्ही बाजूंना एकच) ठेवा. मराठीत सांगितलं की लगेच कळतं.

शिवाय या पुस्तकांत आपला ठेका नाही. सगळा कारभार चारचा: चार किक, सॉफ्टवेअरच्या जाळीत सोळा घरं. हळदीच्या गाण्यांचा झोका बहुतेक वेळा दादऱ्याचा, सहा मात्रांचा. पोरं तो सोळा घरांत कोंबतात, मग ढोलकी लंगडते आणि "स्विंग वाढव" असा इलाज सुरू होतो. अरे, घरंच बारा करा ना! दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे बारा मात्रा. धा धी ना, धा ती ना, पुन्हा धा धी ना, धा ती ना. दर तीन घरांवर एक किक ठेवली की चारही किक बरोब्बर चार धा वर पडतात. नाचणाऱ्याला हाउसचा सरळ ठोका मिळतो आणि ढोलकीचा झोकाही जागच्या जागी राहतो. हाय-हॅट 'ना' वर टाकून बघा, ऑफबीट म्हणून जे शोधत होतात ते जरा वेगळ्या जागी सापडेल.

हे मी घणसोलीच्या त्या मुलाला वहीत काढून दिलं, त्याने फोटो काढून मित्रांना पाठवला, आणि आता मला तिघा-चौघांचे मेसेज येतात की पुढचं पान कधी. तर पुढचं पान लिहायला घेतलंय. खोली, किक, बेस, मोनो, दादरा, एवढंच, मराठीत, आकृत्यांसकट. एका ठिकाणी अडले आहे. डग्ग्याची घसीट (तळवा घासून वाकवलेला आवाज) 808 च्या बेसवर पिच बेंडने (सूर वर-खाली सरकवून) आणताना तुम्ही बेंड धा वरच सुरू करता की अर्ध घर उशिरा? माझ्या कानाला उशिराचा बरा लागतो, पण मी तबल्याची, ढोलकीची नव्हे. हळदीला प्रत्यक्ष ढोलकी वाजवणाऱ्यांनी सांगा. ऑडिओ पाठवलात तर उत्तम, फोनवर रेकॉर्ड केलेला चालेल.