गड्ड्याची सुट्टी आणि मिलानचा ७ डिसेंबर

संक्रांत जवळ आली की आमच्या सोलापुरात एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला. म्हणणं असं, की प्रगत देशांत सुट्टी फक्त देशाच्या नावाने असते, साधुसंतांसाठी शहर बंद ठेवणं आपल्याकडेच चालतं, म्हणून ते पुढे गेले. यात्रेच्या गर्दीत देशाचा विसर पडतो, तेव्हा सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे आमच्या गड्ड्याची, स्थानिक सुट्टी रद्द करा. पुढे पाठवणाऱ्यांत माझे जुने मित्र आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलंच वाक्य चूक आहे. आयर्लंडचा राष्ट्रीय दिवस म्हणजे १७ मार्च, संत पॅट्रिकचा दिवस. स्वातंत्र्यदिनाची वेगळी सुट्टी त्या देशाला नाहीच. एवढ्यावर ते थांबलेले नाहीत. २०२३ पासून संत ब्रिजिडच्या नावाने फेब्रुवारीत आणखी एक सुट्टी सुरू केली. फ्रान्सने १९०५ साली धर्म आणि सरकार वेगळं करणारा कायदा केला, तरी तिथे १५ ऑगस्टला सुट्टी असते आणि ती मेरीमातेच्या सणाची. नोव्हेंबरच्या १ तारखेला सर्व संतांच्या दिवसाची असते, ती वेगळीच.

आता शहरांचं बघू. ‘शहर बंद’ या दोन शब्दांवर मेसेजचा सगळा जोर आहे ना! स्पेनमध्ये वर्षाच्या १४ सुट्ट्यांपैकी २ गावाने स्वतः ठरवायच्या असतात. माद्रिदची १५ मेची सुट्टी संत इसिद्रोची. हा संत शेतमजूर होता, हे मला फार आवडतं. इटलीत तर जवळजवळ प्रत्येक गावाचा आपला संत आणि आपली सुट्टी. रोमची २९ जूनला, नेपल्सची १९ सप्टेंबरला, मिलानची ७ डिसेंबरला.

मिलानपाशी जरा थांबतो. इटलीचा शेअर बाजार याच शहरात, बँका आणि फॅशनच्या पेढ्याही इथल्याच. ७ डिसेंबरला हे शहर चौथ्या शतकातल्या आपल्या बिशपसाठी, संत अँब्रोजसाठी, सुट्टी घेतं. ला स्काला या जगप्रसिद्ध नाट्यगृहाचा हंगाम त्याच संध्याकाळी सुरू होतो. त्याच दिवसांत ‘ओ बेज ओ बेज’ नावाची जुनी जत्रा भरते. भाजलेले चेस्टनट, मिठाई, खेळणी. वर्णन वाचलं तेव्हा मला गड्डा भरतो ते आमचं होम मैदानच दिसलं. तिकडे संताच्या दिवशी जत्रा भरली की ती संस्कृती, मग आमचा गड्डा मागासलेपणा कसा?

‘म्हणून ते पुढे गेले’ हेही टिकत नाही. जपान कायद्याने वर्षाला १६ राष्ट्रीय सुट्ट्या देतो. सुट्टीने देश मागे पडत असते, तर जपान कुठे असता?

मेसेजमधलं खरं तेवढं मान्य करतो. इंग्लंडमध्ये २३ एप्रिलला, संत जॉर्जच्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी नसते. पण शेजारच्या स्कॉटलंडने ३० नोव्हेंबरची, संत अँड्र्यूची सुट्टी २००७ साली कायदा करून घेतली.

राहिला देशाचा विसर पडण्याचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे देशासाठी फासावर गेले, चौघेही आमच्या सोलापूरचे. आणि यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो तो बहुतेक वर्षी १२ जानेवारीलाच. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी कमरेच्या पट्ट्यावर नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, तोलत निघतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ने रस्ता दणाणतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. घरी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

त्या १२ तारखेला माझे वडील पहाटे अंघोळ करून फुलांची एकच पुडी घ्यायचे. अर्धी फुलं चार पुतळ्यांपाशी वाहायचे, उरलेली नंदीध्वजांसाठी ओंजळीत धरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. मला खांद्यावर घेऊन आधी चौघांची नावं म्हणायला लावायचे आणि मग हर्र बोला.