उडतात ते फक्त सुटे भाग

विमानाच्या प्लास्टिक मॉडेलच्या डब्यावरच्या चित्रावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. चित्रात स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, कसं तिरकं होऊन ढगातून सुसाट येतंय, आठही मशीनगनमधून आग ओकतंय, मागं एक जर्मन विमान धूर सोडत खाली चाललंय. आणि डबा उघडला की आत सुटे भाग जडलेल्या राखाडी प्लास्टिकच्या चार जाळ्या, एक पारदर्शक तुकडा, डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे चिन्हांचे स्टिकर आणि एक सूचनापत्रक ज्यात शब्द जवळपास नाहीतच, नुसते आकडे आणि बाण. बाण असा काढलेला असतो की तुकडा जणू स्वतःहून चालत जाऊन तिथं बसणारे.

माझं आवडतं स्केल १/७२. म्हणजे खऱ्यातले सहा फूट माझ्याकडे एक इंच. खऱ्या स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर, माझे साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास. लोकांना वाटतं विमान लहान म्हणजे काम पण लहान. छे! विमान ७२ पट लहान होतं पण माझी बोटं आहेत तेवढीच राहतात, सगळी गोची तिथंच आहे. बरं हे स्केल काही कुणी हौशी माणसांचा छळ करायला काढलेलं नाही. महायुद्धात सैनिकांना आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं ते शिकवायला याच मापाची मॉडेलं वापरायचे. १९४२ साली अमेरिकन नौदलानं तर शाळेतल्या पोरांना आवाहन केलं की आम्हाला असली पाच लाख लाकडी मॉडेलं करून द्या. पण त्या पोरांचं बरं होतं, विमानाला आतून काही नाही आणि बाहेरून सगळं काळं! आकार ओळखू आला की झालं. मला तेवढ्यावर सोडत नाहीत.

कारण मॉडेल करणाऱ्यांचा जगभर एकच शिरस्ता आहे, सुरुवात कॉकपिटपासून. पंख नाही, शेपूट नाही, आधी कॉकपिट. आणि कॉकपिट म्हणजे विमानाचा असा भाग जो पूर्ण झाल्यावर कुणालाही दिसत नाही. तीन इंची डायल माझ्या स्केलला एक मिलिमीटरचं होतं, आणि ब्रिटिश लढाऊ विमानात पायलटच्या समोर अशी सहा डायलं एका चौकोनात बसवलेली असायची, वेग, उंची, क्षितिज, दिशा वगैरे. ती सहाही काळी, आत पांढरे काटे, वर काचेचा भास यावा म्हणून वार्निशचा एकेक थेंब. थेंब कसला, थेंबाचा वास. हे सगळं श्वास रोखून करायचं आणि मग श्वास सोडायला मान वळवायची, कारण सरळ सोडला तर पॅनेल टेबलाखाली.

त्यात परत सीटचा वाद. स्पिटफायरची सीट आधी धातूची होती, हिरवट रंगवलेली, नंतर तांबूस तपकिरी रंगाच्या प्लास्टिकसारख्या मटेरियलची आली. आता तुम्ही करताय ते विमान नेमकं कुठल्या महिन्यातलं, त्यात कुठली सीट होती, यावर माणसं इतकी भांडतात की मूळ लढाई सौम्य वाटावी. ज्या पायलटला त्या सीटवर बसून उडायचं होतं त्यानं खाली वाकून रंग बघितला असेल असं मला नाही वाटत. त्याला वेगळे उद्योग होते. सुरुवातीच्या खऱ्या स्पिटफायरमध्ये चाकं वर घ्यायला उजव्या हातानं पंप मारावा लागायचा आणि डाव्या हातात विमान सांभाळायची स्टिक, त्यामुळं उजवा हात पुढं-मागं झाला की डावा पण हलायचा आणि टेकऑफनंतर विमान हेलकावे खात वर जायचं. तो पंपाचा दांडा पण मला करायचा असतो. दिसत नाही तो भाग वेगळा.

मग येतं फोटोएच. म्हणजे पितळेचा कागदाइतका पातळ पत्रा, त्यात सीटबेल्ट, बकल, पेडल, बारीक लिव्हर असलं सगळं कोरलेलं. ब्लेडनं कापून चिमट्यात धरायचं. चिमट्यात धरलं रे धरलं की तो तुकडा कॅरमच्या सोंगटीसारखा टणकन उडतो, आणि कुठं जातो ते फक्त त्यालाच ठाऊक. लोक विचारतात विमान उडतं का. विमान उडत नाही, त्याचे सुटे भाग उडतात, आणि फार छान उडतात!

शोधायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. टॉर्च फरशीला आडवा ठेवायचा, म्हणजे कणाची पण लांब सावली पडते. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला जुना पायमोजा बांधायचा आणि कोपरे ओढून काढायचे. यातून मला आजवर टाचणी, टिकली, पेन्सिलीचं टोक, आधीच्या विमानाचं चाक असं बरंच काही सापडलंय. ज्याच्यासाठी शोधायला बसले ते बकल सोडून. ते मिळतं, पण तारेचं दुसरं करून चिकटवून झाल्यावर, माझ्याच कोपराला चिकटलेलं.

असं करत कॉकपिट झालं की फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन अर्धे भाग जुळवून बंद करायचे. इथं मॉडेलचं पातळ सिमेंट लावतात, ते काही चिकटवत नाही, प्लास्टिकच विरघळवून दोन्ही बाजू एकजीव करतं. एकजीव म्हणजे परत उघडणं नाही. आणि त्याच क्षणी आत काहीतरी खुळखुळतं. प्रत्येक मॉडेलमध्ये खुळखुळतं. विमान हातात घेऊन कानाशी हलवत बसायचं, हा काय पंप असेल का, का पेडल, आणि मग मनाशी म्हणायचं की नाहीतरी दिसणार नव्हतंच.

जोडाची रेघ राहते. पुट्टी भरा, वाळू द्या, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, मग ८००, मग १०००, मग प्रायमर मारा. प्रायमरचं काम म्हणजे तुम्हाला जी रेघ गेली असं वाटत होतं ती गेली नाही हे सांगणं. परत पुट्टी. घासता घासता शेजारच्या खऱ्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या रेघा, पण पुसल्या जातात, त्या मग सुईनं परत कोरायच्या. म्हणजे नको ती रेघ जात नाही आणि हवी ती राहत नाही. शिवाय कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटरची असली तरी ७२ नं गुणा, १४ मिलिमीटर! खऱ्या विमानाच्या पत्र्यात एवढी फट असती तर पायलटला आतून बोट बाहेर काढता आलं असतं.

रिव्हेटचं पण तेच. खऱ्या स्पिटफायरचे रिव्हेट पत्र्याशी सपाट बसवलेले असायचे, आणि ते खर्चिक काम. मग प्रश्न आला की सगळे सपाट हवेतच का, थोडे गोल डोक्याचे चालतील का. तर स्पिटफायर बनवणाऱ्या लोकांनी काय केलं, सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवले आणि विमान उडवून बघितलं. मग दाणे थोडे थोडे काढत गेले, आणि कुठले रिव्हेट सपाट हवेत ते कळलं. मला ही गोष्ट भयंकर आवडते. म्हणजे ज्यांच्या डोक्यात विमानाच्या हजारो भागांचं गणित होतं ते लोक डाळ चिकटवून मोकळे झाले आणि मी इथं भिंगाखाली रिव्हेट मोजतीये. अमेरिकन मस्टँग विमानाच्या पंखाचा पुढचा भाग तर कारखान्यातच पुट्टी भरून, घासून, वरून रंगवून गुळगुळीत करायचे. माझ्यासारखीच माणसं होती म्हणायची, फक्त त्यांना पगार मिळायचा.

रंगाकडे आलं की डोकं पार जातं. वरून तपकिरी आणि हिरवा, हे ठीक. खालून? युद्धाच्या सुरुवातीला स्पिटफायरचं पोट अर्धं काळं अर्धं पांढरं होतं, म्हणजे जमिनीवरच्या आपल्या माणसांनी ओळखावं म्हणून. १९४० च्या जूनमध्ये हुकूम निघाला की आता खालून स्काय मारा. स्काय म्हणजे आकाशी नव्हे, फिकट हिरवट-पिवळट असं काहीतरी. हुकूम निघाला पण रंग पुरेसा पोचलाच नाही, मग तळावरच्या लोकांनी हाताशी होते ते डबे मिसळून जमेल तसा बनवला. कुठं निळसर झाला, कुठं हिरवट. बॉम्बर यायच्या आधी विमान उभं करायचंय, तिथं छटा कोण बघतंय! आणि ऐंशी वर्षांनंतर मी मात्र खिडकीत उभं राहून तीन बाटल्यांतले थेंब प्लास्टिकच्या चमच्यावर वाळवून बघतीये, दिवसाच्या उजेडात वेगळा, बल्बखाली वेगळा, फोटोत तिसराच. ज्या माणसानं तो रंग घाईघाईत ढवळला त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबा रे, प्रमाण लिहून ठेव.

त्यापेक्षा अवघड काय असेल तर कॅनोपी. म्हणजे कॉकपिटवरची पारदर्शक काच, त्यावर सळ्यांएवढ्या फ्रेमी, प्रत्येक चौकोनावर मास्किंग टेपचा तुकडा मापात कापून. एअरब्रशनं रंग मारला आणि टेप काढताना जो काय क्षण असतो ना, परीक्षेच्या निकालाला पण एवढं धडधडलं नव्हतं. आणि काच सुपरग्लूनं लावायची नसते, त्याच्या वाफेनं आतून पांढरं धुकं धरतं, ते निघत नाही. लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल वापरायचा. काच स्वच्छ राहिली की तिच्यातून कॉकपिट दिसतं. म्हणजे दिसायला हवं. आत सगळा अंधार.

डिकॅलची एक वेगळीच तऱ्हा. पाण्यात टाकला, कागदावरून सुटला, की तो ज्या बाजूला गुंडाळायला नको त्याच बाजूला गुंडाळतो. ब्रशनं उलगडत बसा. मग वरून तो मऊ करायचं सोल्यूशन लावलं की सुरकुत्या पडतात, चांगल्या जाळीदार, आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की घाबरू नका, हात लावू नका, आपोआप बसेल. खरंच बसतं. पण तो मधला वेळ हात पाठीमागं बांधून खोलीत फेऱ्या मारायच्या.

स्पिटफायरच्या पंखाच्या पुढच्या कडेला आठ छोटे लाल चौकोन असतात. ते बंदुकीच्या तोंडावर चिकटवलेलं कापड, उंचावर थंडीनं बंदुका गोठू नयेत म्हणून. पहिली गोळी सुटली की कापड फाटलं. आता मजा बघा, लाल चौकोन शाबूत दाखवले तर विमान अजून लढलेलं नाही, मग पंखाखाली बंदुकीच्या धुराचे काळे डाग दाखवून चालत नाही. दोन्ही एकदम लावलंत की कुणीतरी जाणकार बोट ठेवणारच. म्हणजे मला ब्रश उचलायच्या आधी ठरवावं लागतं की ही सकाळ आहे का संध्याकाळ, माणूस जाऊन आलाय का जायचाय. मी नेहमी सकाळ घेते. एक तर डाग मारायचं काम वाचतं, आणि १९४० च्या त्या उन्हाळ्यात सकाळी गेलेली बरीच विमानं संध्याकाळी नव्हती, मळायला पण वेळ मिळाला नाही त्यांना.

शेवटी अँटेनाची तार. उरलेल्या जाळीची दांडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की हळूच ओढायची, केसाएवढा धागा निघतो. ओढायचा वेग चुकला तर तुटतो, मेणबत्ती जवळ गेली तर पेटतो, आणि लावल्यावर बाहीला अडकतोच. पण यावर एक पळवाट आहे, फार लोकांना ठाऊक नाही. १९४० मध्येच स्पिटफायरना नवीन रेडिओ बसायला लागले, त्यांना ती खांबापासून शेपटीपर्यंतची तार लागत नव्हती. खांब राहिला, तार गेली. म्हणून विमान निवडतानाच मी तार गेलेलं निवडते. विचारलं कुणी तर ऐतिहासिक अचूकता!

झालं एकदाचं. भाचा आला, त्यानं टेबलाशी हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं. मी आपली वाट बघतीये, सहा डायलांचं विचारेल, निदान लाल चौकोनांचं तरी.

"मावशी, चाकं फिरतात का?"

"नाही रे. उलट खालून घासून जरा चपटी केलीयेत. विमानाचं वजन पडल्यासारखं दिसायला हवं ना."

"म्हणजे पंक्चर आहे," तो म्हणाला, आणि आईला सांगायला आत पळाला.